जपानी परंपरेचे वय

जपानमध्ये लग्न कायद्याने लागते ते नगरपालिकेच्या खिडकीपाशी. देवस्थानातला विधी आणि हॉटेलातली मेजवानी हौसेची. कायद्याला दिसतो तो फक्त एक अर्ज. त्या अर्जात लग्नानंतरच्या आडनावाचा रकाना असतो आणि त्यात दोनच चौकोन: नवऱ्याचे किंवा बायकोचे. एकावर खूण केल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही. दोघांना आपापले आडनाव ठेवायचे असेल तर त्यासाठी तिसरा चौकोन नाही.

नागरी कायद्याच्या ७५० व्या कलमाचा हा परिणाम. कलम वरवर समान आहे, कारण नवराही बायकोचे आडनाव घेऊ शकतो. प्रत्यक्षात शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जोडप्यांत बदलते ते बाईचेच. हे कलम घटनेला धरून आहे असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आणि २०२१ मध्ये तोच कायम ठेवला. बदलाला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत मोठा आधार हा की एक घर, एक आडनाव ही जपानची जुनी कुटुंबपरंपरा आहे, तिला हात लावू नका.

ती परंपरा १८९८ सालची आहे. त्याच्या बावीस वर्षे आधी, १८७६ मध्ये, १८६८ साली सत्तेवर आलेल्या त्याच मेइजी सरकारने लेखी हुकूम काढून सांगितले होते की लग्न झाले तरी बाईने माहेरचेच आडनाव लावावे.

हे एकटेदुकटे उदाहरण असते तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण ‘जपान परंपरा सांभाळून आधुनिक झाला’ हे वाक्य आपल्याकडे भाषणांत आणि अग्रलेखांत इतक्या सहज येते की त्यातला प्रत्येक शब्द तपासायला हवा. माझे म्हणणे असे: परंपरा सांभाळली गेली नाही. परकी जहाजे दारात आल्यावर जपानी राज्यकर्त्यांनी समाज मोजायला, नोंदायला आणि एकसारखा करायला घेतला. गावोगावच्या वेगवेगळ्या रीतींतून राज्याला सोयीची एक उचलली, तिचा कायदा केला आणि पुढे तिलाच पुरातन म्हटले. या सगळ्याचा खर्च खेड्याने, त्यातही कुळांनी आणि त्यांच्या मुलींनी दिला.

परक्यांशी गाठ १८५३ मध्ये, अमेरिकी जहाजे आली तेव्हा, पहिल्यांदा पडली, ही समजूतही सोडून द्यायला हवी. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले आणि बंदूक आली. सहा वर्षांनी फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला पोचला. तो निघाला होता गोव्याहून. त्याच्याबरोबरचा आंजिरो हा जपानी माणूस आदल्याच वर्षी गोव्यात बाप्तिस्मा घेऊन तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला होता. आपला पाव आणि जपान्यांचा ‘पान’ हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन किनाऱ्यांवर उतरलेले रूप आहे. पुढे तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांनी, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांनी, ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना घालवले आणि १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर बसवले. चिनी व्यापारी नागासाकीतच होते. कोरियाशी व्यवहार त्सुशिमामार्गे चाले, र्यूक्यू बेटांशी सात्सुमामार्गे, उत्तरेच्या ऐनू लोकांशी मात्सुमाएमार्गे. म्हणजे देशाला चार दारे होती आणि चारही दारांवर पहारा होता. घराण्याचे एक ठरलेले बौद्ध देऊळ असते आणि मर्तिकाचे विधी तिथेच होतात, ही अगदी मुरलेली वाटणारी रीतसुद्धा याच काळात घट्ट झाली. घरातले कोणी ख्रिस्ती नाही असा दाखला प्रत्येक कुटुंबाला देवळाकडून घ्यावा लागे.

अमेरिकी नौदलाचा अधिकारी मॅथ्यू पेरी १८५३ च्या जुलैत चार जहाजे घेऊन उरागाला आला, त्यानंतर एवढेच झाले की दारांच्या चाव्या जपानच्या हातात राहिल्या नाहीत. १८५८ मध्ये अमेरिका, हॉलंड, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्सशी करार झाले. बंदरे उघडली गेली, परकीयांचे खटले त्यांच्याच वकिलातीपुढे चालू लागले आणि आयात जकात ठरवण्याचा हक्क गेला. १८६६ मध्ये ती जकात साधारण ५ टक्क्यांवर बांधली गेली. हा हक्क पूर्णपणे परत मिळाला तो १९११ मध्ये.

समाजाला बसलेला पहिला धक्का मात्र नाण्यांचा होता. जपानात सोन्याचांदीच्या भावाचे प्रमाण १ ला ५ च्या आसपास होते, बाहेरच्या जगात १ ला १५. करारात नाणी वजनाला वजन बदलायची असे ठरले. एका मेक्सिकन चांदीच्या डॉलरला तीन ‘इचिबू’ मिळत आणि चार इचिबूंना सोन्याचे एक ‘कोबान’. चार डॉलर द्यायचे, बारा इचिबू घ्यायचे, त्यांचे तीन कोबान करायचे आणि शांघायला नेऊन विकायचे. हातात जवळजवळ तिप्पट डॉलर. इचिबूची किंमत त्यातल्या चांदीवर नव्हती, शोगुनच्या शिक्क्यावर होती, आणि करार करणाऱ्यांनी तो शिक्का मानला नाही. १८५९ मध्ये योकोहामा उघडले आणि सोने वाहून जाऊ लागले. १८६० मध्ये कोबानातले सोने साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणून गळती थांबवली, पण त्याबरोबर चलनच स्वस्त झाले. त्यात रेशीम आणि चहा निर्यातीकडे वळलेले. तांदळाचा भाव काही वर्षांत अनेक पटींनी चढला. १८६६ मध्ये ओसाका आणि एदोत (आजच्या तोक्योत) लोकांनी धान्याची दुकाने फोडली. दोन वर्षांत शोगुनशाही संपली. नव्या विचारांनी ती पाडली असे शिकवले जाते. मला तांदळाच्या भावाचा वाटा त्याहून मोठा दिसतो.

१८६८ च्या नव्या सरकारपुढे साधा प्रश्न होता: पैसा कुठून आणायचा? जकात वाढवता येत नव्हती. लंडनहून रेल्वेसाठी १८७० मध्ये ९ टक्क्यांनी आणि १८७३ मध्ये ७ टक्क्यांनी कर्ज काढले, पण परक्या कर्जाची धास्ती इतकी की त्यानंतर १८९७ पर्यंत बाहेरून कर्ज काढले नाही. परदेशी तज्ज्ञ तर भलतेच महाग होते. टांकसाळीच्या इंग्रज प्रमुखाला महिना १,०४५ येन मिळत, तेव्हा सरकारातल्या सर्वोच्च मंत्र्याचा पगार ८०० येन होता. राहिली ती जमीन.

१८७३ चा शेतसारा सुधारणेचा कायदा हा जपानच्या आधुनिकीकरणाचा खरा पाया आहे. तो वाचताना सातबारा हातात घेऊन मोठे झालेल्या मराठी वाचकाला फारसे परके वाटणार नाही. आधी सारा गावावर असे, धान्यात असे आणि पीक बुडाले तर पाहणी होऊन सूट मिळे. आता तो एकेका मालकावर आला, रोख झाला, आणि जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के असा मुक्रर झाला. पीक आले काय आणि गेले काय, आकडा तोच. त्यासाठी प्रत्येक तुकडा मोजून मालकाच्या नावाने सनद दिली गेली.

जमिनीची किंमत कशी काढायची याचा नमुना सरकारने छापून दिला होता. तो नीट पाहण्यासारखा आहे. एक तान भातजमीन घ्या, म्हणजे आपले जवळजवळ दहा गुंठे. उत्पन्न १.६ कोकू, म्हणजे अंदाजे २४० किलो तांदूळ. भाव कोकूला ३ येन, म्हणून एकूण ४.८० येन. त्यातून बी आणि खतासाठी १५ टक्के, ७२ सेन (येनचे शंभर सेन), वजा. सारा १.२२४ येन आणि गावपट्टी ०.४०८ येन वजा. उरले २.४४८ येन. हे ६ टक्के व्याज समजून भांडवल काढले की जमिनीची किंमत आली ४०.८० येन, आणि तिचे ३ टक्के म्हणजे बरोबर तेच १.२२४ येन. हिशेब चोख जमतो. फक्त एक रकाना त्यात कुठेच नाही: कसणाऱ्याच्या श्रमाचा. ‘तीन टक्के’ ऐकायला हलके वाटतात. सारा आणि गावपट्टी मिळून ते एकूण उत्पन्नाचे ३४ टक्के होतात.

कुळाने कसलेल्या जमिनीसाठी दुसरा नमुना होता. त्यात खंड धरला आहे उत्पन्नाच्या ६८ टक्के. म्हणजे राज्याला ३४, मालकाला ३४ आणि कुळाला ३२, त्यातूनच बी आणि खत. मालकाचा सारा रोख झाला, कुळाचा खंड धान्यातच राहिला. भाव चढला की फायदा मालकाचा आणि पीक बुडाले की मरण कुळाचे, अशी ही रचना होती. शिवाय गावाने पिढ्यान्‌पिढ्या सरपण, गवत, पाला आणलेली सामायिक राने. आपल्याकडच्या गायरानासारखीच ती कोणा एकाची नव्हती. मालकीचा कागद दाखवता आला नाही म्हणून त्यांतली पुष्कळशी सरकारी झाली. भातशेतीचे हिरवे खत या रानांतून येई. रान गेले तसे खत विकत घ्यावे लागले, आणि ते १५ टक्क्यांत बसेना.

किंमत ठरवण्यातही वरून आकडे ठरून येत आणि गावाने कमी उत्पन्न सांगितले तर ते फेटाळले जाई. १८७६ मध्ये इबाराकी आणि मिए भागांत शेतकरी उठले. १८७७ च्या जानेवारीत सारा ३ वरून २.५ टक्क्यांवर आला. बांबूच्या भाल्याच्या एका टोच्यासरशी अडीच टक्के बाहेर आले, अशा अर्थाची ओळ तेव्हा लोकांच्या तोंडी होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण जपानी शेतकरी आज्ञाधारक म्हणून सुधारणा यशस्वी झाली, हे स्पष्टीकरण फार प्रिय आहे. तो आज्ञाधारक नव्हता.

पुढची काही वर्षे बरी गेली, कारण महागाईत रोख सारा हलका झाला. मग अर्थमंत्री मात्सुकाता मासायोशी यांनी १८८१ पासून कागदी चलन आवळले. तीन वर्षांत तांदळाचा भाव जवळपास निम्म्यावर आला, आणि सारा होता तेवढाच राहिला. म्हणजे तेवढेच येन भरायला दुप्पट तांदूळ विकायचा. रेशमाचाही भाव कोसळला. तोक्योच्या वायव्येला चिचिबुच्या डोंगरात भात फार होत नाही, तिथले घर तुती आणि रेशमाच्या किड्यांवर चाले, आणि हंगामाच्या खर्चासाठी सावकाराकडे जावेच लागे. १८८४ च्या नोव्हेंबरात हे शेतकरी हत्यारे घेऊन उठले. मागणी काय होती? कर्जाला दहा वर्षे स्थगिती द्या आणि नंतर चाळीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडू द्या. सैन्य पाठवून उठाव मोडला गेला आणि म्होरक्यांना फाशी झाली. मेइजीच्या आरंभी देशातली तिसऱ्या हिश्श्याहून कमी जमीन कुळांकडे होती. १९०८ पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. जपानी खेड्यातला मोठा जमीनदार आणि त्याच्यापुढे वाकलेले कूळ हे चित्र लोक सरंजामी काळाचे समजतात. त्याचा मोठा भाग या हिशेबातून तयार झाला आहे.

शाळांचेही तेच. १८७२ च्या आदेशात देशाचे ८ विद्यापीठ-विभाग, प्रत्येकात ३२ माध्यमिक विभाग आणि प्रत्येकात २१० प्राथमिक शाळा अशी आखणी होती: एकूण ५३,७६०. इमारत गावाने बांधायची आणि फी पालकांनी भरायची, कागदावर महिना ५० सेन, ज्यांना झेपत नाही त्यांना २५. वर दिलेला दहा गुंठ्यांचा वर्षाचा सारा आठवून पाहा, मग कळेल की काही ठिकाणी शाळा का जाळल्या गेल्या. पहिल्या वर्षी पटावर आलेली मुले शंभरात २८. फी १९०० मध्ये रद्द झाली आणि तेव्हा कुठे हा आकडा नव्वदीच्या पुढे गेला. शिक्षणाच्या ओढीने जपान शिकला हे खरे असेल, पण फी गेल्यावर शिकला हे जास्त खरे आहे.

दिनदर्शिकेची गोष्ट वेगळी, आणि आपल्याला सहज समजणारी. जपानचे जुने पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर होते, दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येई. १८७२ च्या अखेरीस सरकारने अवघ्या तीन-साडेतीन आठवड्यांची सूचना देऊन जाहीर केले की बाराव्या महिन्याची तीन तारीख म्हणजे १ जानेवारी १८७३. पुढच्या वर्षी अधिक महिना होता. म्हणजे नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते. तो एक वाचला, आणि दोनच दिवसांचा उरलेला बारावा महिना धरला तर दुसराही वाचला. पुढच्या वर्षाची पंचांगे छापून बसलेले विक्रेते मात्र बुडाले.

सणांचे काय झाले ते पाहा. ताऱ्यांची भेट साजरी करणारा तानाबाता सातव्या महिन्याच्या सप्तमीचा. तो ७ जुलैला आला आणि ऐन पावसाळी ढगांत सापडला. तारेच दिसत नाहीत. ३ मार्चचा सण पीचच्या फुलांचा म्हणवतो आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी पीच फुललेला नसतो. पितरांचा ओबोन कुठे जुलैत तर बऱ्याच भागांत महिनाभर पुढे, ऑगस्टच्या मध्याला. नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रावर ‘नवा वसंत’ लिहितात आणि बाहेर कडाक्याची थंडी असते. गणेशचतुर्थी दर वर्षी ठरलेल्या इंग्रजी तारखेला धरायची ठरवली तर भाद्रपदाशी तिचे जे नाते उरेल, तेच इथे झाले आहे. सण टिकले, ज्या ऋतूमुळे त्यांना अर्थ होता तो हातातून सुटला. आणि देवस्थानात लग्न लावायची ती ‘पारंपरिक’ पद्धत रूढ झाली १९०० मध्ये युवराजाचे लग्न तशा विधीने झाल्यानंतर.

रेशमाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण करारानंतर परकीय चलन आणले ते त्याने. युरोपात किड्यांवर रोग पडला होता, म्हणून जपानी रेशमाला आणि अंड्यांना अचानक मागणी आली. पण घरगुती चाकावर काढलेला धागा जाडबारीक असे आणि परक्या मागावर तुटे. म्हणून सरकारने १८७२ मध्ये तोमिओका इथे फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना याच्या देखरेखीखाली वाफेवर चालणारी ३०० कुंडांची गिरणी उभारली; या कुंडांतल्या गरम पाण्यात कोश ठेवून धागा काढत. मुली येईनात, परके रक्त पितात अशी अफवा होती आणि तिचे मूळ लाल वाइन होते. शेवटी अधिकाऱ्यांनी आपल्या आणि सामुराई घरांतल्या मुली पाठवल्या. तोमिओका हा आदर्श होता, पण तो महाग होता आणि बहुतेक वर्षे तोट्यात चालला. तंत्र पसरले ते नागानोतल्या सुवा भागातल्या छोट्या गिरण्यांतून. त्यांनी धातूची कुंडे काढून मातीची बसवली, वाफेच्या इंजिनाऐवजी पाणचक्की लावली, फ्रेंच आणि इटालियन पद्धतींतले जमेल तेवढे घेतले. परक्याची नक्कल आणि परक्यापासून शिकणे यांतला फरक कुठे पाहायचा असेल तर तो सुवाच्या मातीच्या कुंडांत.

याच सुवात मजुरीची जी पद्धत बसली तिच्याबद्दल मात्र आदराने बोलणे मला जमत नाही. प्रत्येक मुलीचा धागा रोज तपासत: किती काढला, तेवढ्या कोशांतून किती निघाला, जाडी किती सारखी, चमक कशी. मग गिरणीच्या सरासरीशी तुलना करून तिची प्रत लावत. मजुरीची एकूण रक्कम आधीच ठरलेली. म्हणून एकीला बक्षीस मिळाले की ते दुसरीच्या दंडातून आलेले असे. सगळ्यांनी कौशल्य वाढवले तरी सगळ्यांची मजुरी वाढत नसे; वाढे ते फक्त उत्पादन. बापाने आगाऊ उचल घेतलेली असे, वर्ष पुरे न करता मुलगी पळाली तर दंड. हिदाच्या डोंगरातल्या मुली १,६७२ मीटर उंचीचा नोमुगी घाट चालत ओलांडून इथे येत. वाफेने कोंदलेल्या खोलीत बारा-चौदा तास, रात्री दाटीवाटीचे वसतिगृह, आणि क्षय. क्षय झालेली मुलगी घरी पाठवत, म्हणजे रोगही खेड्यात जाई. कारखाना कायदा झाला १९११ मध्ये, लागू झाला १९१६ मध्ये. त्यातली स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी प्रत्यक्षात आली १९२९ मध्ये. दरम्यान, १९०९ च्या सुमारास, जपान कच्च्या रेशमाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला होता. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या पाहिजेत.

कापसाच्या बाबतीत ही वाट मुंबईतून जाते. १८८३ मध्ये ओसाकात १०,५०० चात्यांची गिरणी सुरू झाली आणि लवकरच विजेच्या दिव्यांखाली रात्रपाळी करू लागली. देशी कापूस तोकडा पडला तेव्हा नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. मुंबईहून मालाची वाहतूक युरोपीय जहाज कंपन्यांच्या मुठीत होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पोन यूसेन कंपनीने मुंबई–जपान फेरी सुरू केली. जपानने १८९४ मध्ये सुताची निर्यात जकात आणि १८९६ मध्ये कापसाची आयात जकात काढून टाकली, आणि १८९७ मध्ये सुताची निर्यात आयातीहून जास्त झाली. विदर्भ-खानदेशच्या शेतकऱ्याचा कापूस जपानी मुलीच्या रात्रपाळीतून सूत होऊन चीनच्या बाजारात मुंबईच्याच सुताशी झुंजू लागला, तो असा. जपान मुंबईला हरवून गेला असे म्हणताना ती मुलगी विसरू नये.

आता आडनावाकडे. १८७१ च्या कायद्याने घरोघरची नोंदवही, ‘कोसेकी’, तयार झाली. १८७२ च्या नोंदीत सुमारे ३ कोटी ३१ लाख माणसे आली. प्रत्येक घराला एक प्रमुख, बाकी सगळे त्याच्या नात्याने लिहिलेले. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली: विशीच्या तरुणाला तीन वर्षे सेवा. घरप्रमुख, त्याचा वारस आणि २७० येन भरणारा यांना सूट होती. परिणाम काय व्हावा? धाकट्या मुलांना वारस नसलेल्या घरी दत्तक दिल्याची कागदपत्रे भराभर होऊ लागली. सरकारी जाहीरनाम्यात लष्करी सेवेला ‘रक्ताचा कर’ म्हटले होते. खरेच रक्त काढतात असे समजून काही जिल्ह्यांत दंगे झाले.

सामान्य माणसाला अधिकृतपणे आडनाव लावायची परवानगी १८७० मध्ये मिळाली होती, सक्ती झाली १८७५ मध्ये, आणि ती लष्करखात्याच्या आग्रहाने, कारण आडनावाशिवाय भरतीच्या याद्या जुळेनात. मग लग्न झालेल्या बाईचे आडनाव कोणते, असा प्रश्न जिल्ह्यांकडून आला. १८७६ चे उत्तर: जन्मघराचे. सामुराई घरांत बाईची ओळख माहेरच्या कुळाची असे, त्याला धरूनच हे होते. प्रामाणिकपणे हेही नोंदवायला हवे की पुष्कळ जिल्ह्यांनी कळवले, आमच्याकडे बायका रोजच्या व्यवहारात नवऱ्याच्या घराचे नाव लावतात. म्हणजे रीत एक नव्हतीच. वारसाचेही तसेच: ईशान्येच्या काही भागांत पहिले अपत्य मुलगी असेल तर घर तिच्याकडे जाई, नैर्ऋत्येत काही ठिकाणी धाकट्या मुलाकडे.

१८९८ च्या नागरी कायद्याने हे सगळे पुसले. युरोपीय संहितांच्या साच्यात सामुराई घराण्याची वडीलमुलगा-वारस पद्धत ओतून ती शेतकऱ्याला, कोळ्याला, कारागिराला सर्वांना लावली. सामुराई होते लोकसंख्येच्या शंभरात पाच-सहा. घरप्रमुखाच्या संमतीशिवाय लग्न अवघड, विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीशिवाय मोठे व्यवहार नाहीत, आणि घरातल्या सर्वांना घराचे एकच आडनाव. असमान करार रद्द करून घेण्यासाठी ‘सुधारलेल्या’ देशासारखा कायदा दाखवणे भाग होते. परकीयांचे वेगळे न्यायालय १८९९ मध्ये गेले ते त्यानंतर. आज जिला जपानी कुटुंबाचा आत्मा म्हणतात, तिचे रूप परकीयांना दाखवायच्या कायद्यात घडले.

नोंदवहीने कोणाला बांधले हेही पाहावे. १८७१ च्या हुकमाने अस्पृश्य मानलेल्या जातींची नावे रद्द झाली, पण चामड्याच्या धंद्याचा त्यांचा हक्क आणि करमाफीही गेली, बदल्यात काही मिळाले नाही. पुष्कळ ठिकाणी नोंदीत ‘नवे सामान्यजन’ असा शेरा राहिला आणि लग्न जुळवताना, नोकरी देताना तो शोधला जाऊ लागला. या समाजाने १९२२ मध्ये क्योतोत सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली. १८७२ च्या नोंदवह्या लोकांना पाहायला बंद झाल्या त्या १९६८ मध्ये. उत्तरेत ऐनूंची शिकारीची आणि मासेमारीची भूमी सरकारी जमीन ठरली, आणि १८९९ च्या ‘संरक्षण’ कायद्याने त्यांना शेतकरी बनवायला घेतले. तो कायदा रद्द झाला १९९७ मध्ये. परंपरा सांभाळली असे म्हणणाऱ्याने यातली कोणाची, ते सांगायला हवे.

याला एक वजनदार उत्तर आहे, आणि ते टाळता येत नाही. हे सगळे केले नसते तर जपान गुलाम झाला असता. एकसारखा कायदा, रोख सारा, सक्तीची शाळा यांतूनच राज्य उभे राहिले. मला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. १८७३ मध्ये दुसरा पैसा नव्हता. पण यातून तेव्हाची निकड सिद्ध होते. आज ती उरलेली नाही. लष्करभरती गेली, असमान करार गेले, घरप्रमुखाचा अधिकार १९४७ मध्ये कायद्यातून गेला. आडनावाची सक्ती मात्र मागे राहिली, आणि निकडीचा आधार गेल्यावर तिने परंपरेचा आधार घेतला.

२०१५ च्या निकालात पंधरापैकी पाच न्यायाधीशांनी हे कलम घटनाविरोधी ठरवले. खंडपीठावरच्या तिन्ही स्त्रिया त्या पाचांत होत्या. सध्या तोडगे चालू आहेत. २०१९ पासून रहिवासी नोंदीत जुने आडनाव जोडता येते. पासपोर्टवर ते कंसात छापून मिळते, पण यंत्र वाचते त्या ओळीत आणि चिपमध्ये नसते, म्हणून शोधनिबंध एका नावाने आणि विमानाचे तिकीट दुसऱ्या नावाने अशी विमानतळावर खुलासे देण्याची पाळी येते. परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या जपान्यावर मात्र ही सक्ती नाही; तो किंवा ती आपले आडनाव ठेवते आणि नोंदवही व्यवस्थित चालते. म्हणजे अडचण कारकुनीची नाही.

मसुदाही तयार आहे. न्यायमंत्रालयाच्या विधी सल्लागार समितीने १९९६ मध्येच सुचवले होते की जोडप्याने एक आडनाव किंवा दोन यांतले निवडावे, आणि दोन ठेवली तर मुलांचे कोणते ते लग्नाच्या वेळीच ठरवावे. त्यासाठी ७५० वे कलम बदलायला हवे आणि त्याबरोबर कोसेकी कायद्याचे सहावे कलम, जे एक जोडपे आणि त्याच आडनावाची मुले यांचीच एक नोंद धरते. अर्जावर तिसरा चौकोन छापायला एवढे पुरते.